सुट्टी म्हणजे शुक्रवार

बोईसरला रविवार येतो, पण त्याला कोणी विचारत नाही. इथल्या तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून ते कधी काळी ठरलं, आणि मग माणसांचं सगळं आयुष्यच त्या वारावर येऊन बसलं. मुलगी बघायला जायचं ते शुक्रवारी, मटण आणायचं ते शुक्रवारी, गावाकडच्या भावाशी फोनवर भांडायचं तेही शुक्रवारी. इथल्या कामगाराने 'सुट्टी' म्हटलं की वार कुठला, ते सांगायची गरज पडत नाही. मेघाली चुरीलाही कधी पडली नव्हती.

मेघाली शिरगावची. किल्ल्याच्या मागच्या अंगाला तिच्या वडिलांची, आत्माराम चुरींची, नारळाची वाडी. पालघरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली आणि तारापूरला रंगाची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीत कारकून म्हणून चिकटली. आता चाळिशी उलटली. मधल्या काळात तिचं लग्न जमता जमता राहिलं, आई गेली, वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि घर तिच्या पगारावर चालू लागलं. कंपनीत तिचं नाव मात्र वाढत गेलं. आधी टायपिस्ट, मग कॉम्प्युटरवाल्या ताई, मग एमआयएस एक्झिक्युटिव्ह. पगार त्या नावाच्या मागून लंगडत येत होता. तिचीही तक्रार नव्हती, कारण तक्रार करणाऱ्या मुलींची कंपनीत काय गत होते ते तिने पाहिलं होतं. सकाळी शिरगावहून स्कूटी काढायची, पालघर, उमरोळी करत बोईसर गाठायचं, सगळ्या खात्यांचे आकडे गोळा करायचे आणि मुंबईच्या साहेबांच्या चहाआधी त्यांच्यापुढे नेऊन ठेवायचे. आकडे चांगले आले तर प्लांटने काम केलं, वाईट आले तर मेघालीने चुकीचे पाठवले, असा एकंदर रिवाज होता.

मग हेड ऑफिसने पुण्याच्या एका कंपनीकडून रिपोर्टिंगचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. कामगाराने मशीनशेजारीच टॅबलेटवर आकडा भरायचा, तो तडक पुण्याच्या सर्व्हरवर जायचा आणि मुंबईत साहेबांच्या भिंतीवरच्या पडद्यावर उमटायचा. आकडा आला तर हिरवा चौकोन, नाही आला तर लाल. प्लांटचे मॅनेजर दिग्विजय साहेब यांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याच आठवड्यात खात्याखात्यातली रजिस्टरं उचलून नेली. "कागद बंद," ते म्हणाले. "सिस्टीम खोटं बोलत नाही." हे वाक्य ते ऊठसूट म्हणत. शेवटी कँटीनमधली पोरंही आमटीत मीठ कमी पडलं की आचाऱ्याला म्हणायला लागली, सिस्टीम खोटं बोलत नाही बरं का.

सिस्टीम खोटं बोलत नव्हती हे खरं, पण अधूनमधून तिची दातखीळ बसायची. शनिवारी सकाळी मेघालीने रिपोर्ट उघडला की पाटी यायची, 'डेटा सोर्सशी संपर्क होऊ शकला नाही'. पुन्हा दाबलं की सगळं सुरळीत. दुपारी यायची नाही, सोमवारी यायची नाही, आणि कोणाला दाखवायला बोलावलं तर मुळीच नाही. दुखरा दात डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर गप्प होतो, तसलाच प्रकार. पुण्याला फोन केला की तिकडचा माणूस विचारायचा, "आत्ता येतेय का एरर?" आत्ता नाही म्हटलं की विषय संपला. शेवटी ऑफिसने त्यावर आपल्या पद्धतीचा इलाज काढला. दोनदा दाबायचं. नव्याने आलेल्या माणसाला कूलर कुठे, बाथरूम कुठे, हे दाखवतानाच सांगून टाकायचे, रिपोर्ट दोनदा दाब. कोणाला त्यात वावगं वाटेना. आपल्याकडे अडलेला पंखा काठीने ढोसून चालू करतात, त्यातलंच हे एक.

पण हे दोनदा दाबायचं शहाणपण ऑफिसच्या काचेच्या दाराबाहेर कोणी नेलं नाही. सांडपाण्याच्या प्लांटवर खंडेरावांपर्यंत तर नाहीच नाही.

खंडेराव सांगोल्याकडचे. पन्नाशी ओलांडलेले, बोलायला मोकळे, कामाला चोख. बोईसरजवळच्या सालवडला चाळीतल्या खोलीत बायको इंदुबाईसोबत राहायचे. शुक्रवारी कारखाना बंद, पण सांडपाण्याला सुट्टी नसते. टाकीतलं पाणी ढवळत ठेवावं लागतं, त्याची पातळी बघावी लागते, आंबटाई बघावी लागते. बाकीचे शुक्रवारची पाळी टाळायला आजारी आजी शोधून काढायचे. खंडेराव ती आपणहून घ्यायचे.

"शुक्रवारी बरं वाटतंया ताई," ते मेघालीला म्हणायचे. "समदं कसं गार असतंय. कुनी वरडाय नसतंय."

दर पाळीत ते ठरल्या वेळी जिना चढून टाकीवर जायचे, आकडे बघायचे, खाली केबिनमध्ये येऊन टॅबलेटवर भरायचे आणि बटण दाबायचे. 'पाठवलं' अशी अक्षरं यायची, शेजारी हिरवी खूण. मग टॅबलेट फडक्याने पुसून पुन्हा खोक्यात. हे सगळं त्यांना मेघालीनेच शिकवलं होतं. हिरवी खूण आली की झालं मामा, असं तिनेच सांगितलं होतं. पाठवलं म्हणजे पोचलं असं नव्हे, हे टपालखात्याने आपल्याला केव्हाच शिकवलं आहे, पण टॅबलेट बघितला की माणूस असल्या शंका विसरतो.

मुंबईच्या एका डायरेक्टरच्या नजरेत एक दिवस ते लाल चौकोन भरले. दर शुक्रवारी, सांडपाण्याच्या ओळीत, सगळे लाल. बाकी आठवडा हिरवागार. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं की हा शुक्रवारचा माणूस कोण.

दिग्विजय साहेबांनी मेघालीला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, हा खंडेराव शुक्रवारी झोपा काढतो. तुमचं काय म्हणणं?"

"सर, ते तसे नाहीत. सॉफ्टवेअरचंच काहीतरी आहे. ते मध्येच तुटतं."

"मध्येच तुटतं तर नेमकं शुक्रवारीच का तुटतं? आणि नेमकं त्याचंच का तुटतं?"

 मग साहेबांनी आवाज मऊ केला.

"हे बघा, मला कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पुण्याकडून लेखी आणा. सॉफ्टवेअरची चूक आहे असं त्यांनी लिहून दिलं, की मी तेच मुंबईला दाखवतो. नाहीतर मला माणसाकडे बघावं लागेल."

मेघालीला हायसं वाटलं. साहेब न्यायाचं बोलत होते. म्हणजे खंडेरावांची नोकरी आता पुण्याच्या उत्तरावर होती, आणि पुण्याचं उत्तर तिच्या तक्रारीवर. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती तक्रार लिहायला बसली. पुणेकरांचा एक ठरलेला नमुना होता, इंग्रजीतला. त्यात एक रकाना होता, एरर कधी येते? मेघालीने विचार केला. शनिवारची ती पाटी तिला आठवली, पण तिचा याच्याशी संबंध असेल असं मनातही आलं नाही. विषय खंडेरावांच्या लाल चौकोनांचा होता. तिने लिहिलं, 'फक्त वीकली ऑफच्या दिवशी. इतर दिवशी नाही.' म्हणजे फक्त सुट्टीच्या दिवशी. पुन्हा वाचून पाहिलं. नेमकं होतं, खरं होतं, स्पेलिंगही बरोबर होतं.

उत्तर आलं ते पुण्याच्या जितेश नावाच्या इंजिनिअरचं. सभ्य माणूस असावा. आधी गैरसोयीबद्दल माफी, मग मुद्दा: आपल्या सुट्टीच्या सर्व दिवसांची जोडणी तपासली, कुठेही खंड आढळला नाही. नोंद दिसत नसल्यास ती केलीच गेली नसावी. तक्रार बंद करत आहोत. आमच्या सेवेला किती तारे द्याल?

मेघालीने ते पत्र पुन्हा वाचलं. आणि मग, माणसाचं मन किती हलकट असतं पाहा, तिच्या डोक्यात एक संशय येऊन बसला. पन्नाशीचा माणूस, एकटा, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरची ती एकसुरी घरघर, दुपारची वेळ. लागतही असेल डोळा. आणि मग नोकरी जाऊ नये म्हणून माणूस म्हणणारच, दाबलं होतं म्हणून. पुण्याचे शिकलेले लोक, त्यांची मशिनं, ते कशाला खोटं सांगतील? तिच्याही तोंडात नकळत साहेबांचंच वाक्य घोळायला लागलं.

साहेबांनी ते पत्र छापून खंडेरावांसमोर ठेवलं. पुरावा म्हणून दाखवायला खंडेरावांकडे काय होतं? रजिस्टर होतं ते साहेबांनीच उचलून नेलं होतं. टॅबलेटच्या पोटात काही राहत नव्हतं. ते केबिनमधून बाहेर आले आणि सरळ मेघालीच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ताई, तुमी तरी सांगा की सायबास्नी. म्या चढलोय टाकीवर. आकडं बघितल्यात. बटन दाबलंया, हिरवी खूण आलीया."

"पुण्याहून तसंच लिहून आलंय, मामा," मेघाली म्हणाली. म्हणताना तिने कीबोर्डकडे बघितलं.

 बाकीची टेबलं एकदम फार कामात बुडाली. खंडेराव गेले.

कंपनीने त्यांना काढलं नाही. कंपन्या हल्ली कोणाला काढत नाहीत. चौकशी लावली तर डाग लागेल, त्यापेक्षा राजीखुशीने राजीनामा दे, सगळं सन्मानाने होईल, असं साहेबांनी त्यांना समजावलं. सन्मान हा शब्द माणसाला दाराबाहेर काढतानाच बरा आठवतो. खंडेरावांनी सांगितलं तिथे सही केली, टॅबलेट पुसून परत केला आणि गेटवर पिशवी तपासून घेऊन ते सालवडची वाट चालायला लागले.

त्यांच्या जागी कंत्राटदाराचा एक नवा माणूस आला. उत्तरेकडचा, तरणाताठा, कानात वायर घालून गाणी ऐकणारा. आणि पुढच्याच शुक्रवारी सांडपाण्याची ओळ पुन्हा लाल. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. माणूस बदलला होता, रंग बदलला नव्हता.

आता गंमत बघा. हा कंत्राटदार दिग्विजय साहेबांच्या बसण्याउठण्यातला. खंडेराव असताना सिस्टीम खोटं बोलत नव्हती. कंत्राटदाराचा माणूस आला तशी तिची तब्येत साहेबांना एकाएकी नाजूक वाटायला लागली. "मॅडम, ते सॉफ्टवेअर एकदा नीट बघून घ्या. काहीतरी गडबड दिसते," ते जाता जाता म्हणाले.

मेघाली सांडपाण्याच्या प्लांटवर गेली. नव्या माणसाने कानातली वायर काढली.

"मॅडम, मैं तो डालता हूँ. हरा निशान भी आता है."

शब्द हिंदी होते, पण वाक्य खंडेरावांचं होतं. तेच, जसंच्या तसं. टाकीच्या त्या जिन्यापाशी उभं राहून मेघालीला पहिल्यांदा आपल्या संशयाची लाज वाटली.

तिने टेबलापाशी येऊन जितेशला फोन लावला. पत्र नको, नमुना नको, माणूस बरा.

"जितेश, मागे तुम्ही आमच्या सुट्टीच्या दिवसांचं तपासलं होतं. नीट तपासलं होतं ना?"

"हो मॅडम, सगळे दिवस. एकही संडे सोडला नाही."

"संडे?"

"तुम्ही वीकली ऑफ लिहिलं होतं ना."

 बाहेर फोर्कलिफ्ट मागे येत होती, तिचा टींटीं आवाज फोनमध्ये जात राहिला.

"मॅडम? आहात का?"

"आहे," ती म्हणाली. "जितेश, आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी असते."

"शुक्रवारी? कोणाला?"

"सगळ्यांना. अख्ख्या बोईसरला."

"अहो, मग तसं लिहायचं ना!" तो म्हणाला. चिडून नाही, आश्चर्याने. पुण्याला बसलेल्या त्या पोराची तरी काय चूक? त्याने रविवार बघितले. रविवारी तर तारापूरला भोंगे वाजत असतात, चिमण्या धुरकटत असतात, सगळे टॅबलेट आकडे ओकत असतात. त्याला सगळं हिरवं दिसलं. त्याने खरं तेच लिहिलं. मेघालीनेही खरं तेच लिहिलं होतं. दोन खऱ्यांच्या मध्ये एक माणूस चिरडला गेला होता.

जितेशने तिला फोनवर थांबायला सांगून शुक्रवार उघडले आणि थोड्याच वेळात म्हणाला, "सापडलं." मग त्याने समजावलं ते असं. दोन्हीकडच्या मशिनांच्या मध्ये एक दार असतं. बराच वेळ कोणी आलं गेलं नाही, की पुण्याचं मशीन समजतं, आता कोणी नाही, आणि दार लावून घेतं. बोईसरच्या मशीनला ते कळत नाही. त्याला वाटतं दार उघडंच आहे. ते आकडा भिरकावतं आणि म्हणतं, पाठवलं. तो आकडा बंद दारावर आपटून पडतो. एकदा आपटला की मग नवं दार उघडतं, म्हणून लगेच दुसऱ्यांदा पाठवलेलं पोचतं. इतर दिवशी अख्खा कारखाना आकडे पाठवत असतो, दार लागायला उसंतच मिळत नाही. शुक्रवारी एकटाच माणूस, आणि त्याच्या दोन आकड्यांच्या मध्ये तासन्तास शांतता. म्हणून दर खेपेला त्याचाच आकडा दारावर आपटायचा.

"दोनदा दाबलं असतं तर?" मेघालीने विचारलं.

"तर गेलं असतं," जितेश म्हणाला.

दोनदा दाब. ऑफिसातल्या शिपायालाही ठाऊक होतं ते. शनिवारची ती पाटी म्हणजे शुक्रवारच्या शांततेनंतरची पहिली हाक होती, आणि तिच्यावरचा इलाज त्या काचेच्या दाराच्या आत प्रत्येकाच्या बोटात होता. खंडेरावांना शिकवताना मेघालीला तो सांगावासा वाटला नव्हता, कारण दोनदा दाबणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असंच तिला वाटलं नव्हतं.

"आता नाही होणार," जितेश म्हणाला. "मी असं करून ठेवतो, दर थोड्या वेळाने आमचं मशीन तुमच्या मशीनला विचारेल, आहेस का? ते म्हणेल, आहे. बस. मग दार लागत नाही."

हे करायला त्याला एक चहा व्हायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. बैल गेला आणि झोपा केला.

जितेशचं नवं पत्र घेऊन मेघाली दिग्विजय साहेबांकडे गेली. पत्रात सगळं स्वच्छ लिहिलं होतं. साहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! म्हणजे सुटलं. गुड वर्क, मॅडम."

"सर, खंडेराव मामांची चूक नव्हती."

"हो, दिसतंय तसं."

"मग त्यांना परत बोलावायला..."

"मॅडम, त्यांनी राजीनामा दिलाय. आपण कुठे काढलंय?"

"पण सर, तो कशामुळे दिला..."

साहेबांनी पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही. आवाज चढवणारे साहेब परवडतात.

"मी मुंबईला काय सांगू? इतके महिने तुमच्या भिंतीवर जे दिसत होतं ते चुकीचं होतं? आणि ते का कळलं नाही, तर आमच्या मॅडमनी तक्रारीत वार लिहिला नाही? तुमचं नाव येईल त्यात. मला ते नकोय. तुम्हाला हवंय का?"

मेघालीच्या डोळ्यांपुढे शिरगावचं घर आलं, वडिलांच्या औषधांची पिशवी आली, मचूळ विहीर आली.

"नाही, सर," ती म्हणाली.

हे म्हणायला तिला जराही वेळ लागला नाही. पुढे तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

त्या शनिवारी मुंबईच्या पडद्यावर शुक्रवार धरून बोईसरचा प्लांट या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा होता. डायरेक्टरांनी फोनवर शाबासकी दिली, दिग्विजय साहेबांनी ती मीटिंगमध्ये वाटली, मेघालीच्या नावाने टाळ्या झाल्या आणि बिस्किटं आली. नव्या माणसाने तोवर टाकीवर चढणंच सोडलं होतं. पाहिजे ते आकडे खालीच बसून भरायचा, आणि ते आता झाडून सगळे पोचत होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मेघालीने हे पाहिलं आणि ती काही बोलली नाही. बोलायचं होतं तेव्हा बोलली नव्हती, आता कुठल्या तोंडाने बोलणार?

घरी आत्माराम पडवीत नारळ सोलत बसले होते. लेकीचं तोंड बघून त्यांनी पहार बाजूला केली. मेघालीने सगळं सांगितलं. 

"तू खोटा नाय लिवलास," शेवटी ते म्हणाले. "आपल्याकडं सुट्टी म्हंजे शुक्रवारच. कुत्र्या-मांजरांना बी ठावं हाय."

"पण त्या माणसाची नोकरी गेली ना, बाबा."

"मग त्याला सांगितलास काय?"

"सांगून काय करू? परत घेत नाहीत."

"नाय घेवदे. पण तो चोर नाय, ह्या त्याच्या दारात जाऊन सांगाला काय जातं? तू नाय सांगणार तं कोण सांगंल?"

मेघालीला ते पटलं. खरं कळलं की माणसाला बरं वाटतं, यावर बापलेकीचा विश्वास होता. ज्यांचं काही गेलेलं नसतं त्यांचा असतो.

शुक्रवारी ती सालवडला गेली. चाळीत सुट्टीचा दिवस पसरला होता. कोणी मोटारसायकल धूत होतं, कुठे मटणाला फोडणी बसली होती. खंडेराव घरीच होते. एका गोदामाच्या गेटवर रात्रपाळीचे वॉचमन म्हणून लागले होते. निळा गणवेश खुंटीला लटकत होता, खांद्यात ढगळ. त्यांनी घाईने सतरंजी पसरली.

"या ताई, बसा, बसा. अगं, ऐकलं का, ताई आल्यात, च्या ठेव."

इंदुबाईने आत गॅस पेटवला. मेघालीने बसल्या बसल्या सांगून टाकलं. शुक्रवार, रविवार, बंद दार, पहिला आकडा, दुसरा आकडा. वीकली ऑफ आपणच लिहिलं होतं, हेही सांगितलं. दोनदा दाबायचं आपल्याला माहीत होतं, हेही. काहीच राखून ठेवलं नाही.

खंडेरावांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजी माजी चूक नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती, मामा."

"सायबास्नी ठावं हाय हे?"

"हो."

खंडेराव सावरून बसले. चेहऱ्यावर काहीतरी उजळून आलं, आणि ते पाहून मेघालीला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मग कवा बोलावत्यात?"

मेघालीने नकारार्थी मान हलवली. त्यांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी सतरंजीचा एक दोरा ओढून बोटाला गुंडाळायला घेतला.

इंदुबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"मग हे सांगाय आलाव व्हय?" ती म्हणाली. "लेकीच्या सासरी कळलं, गावाकडं भावकीत कळलं, कामावर झोपतुया म्हनून घालवला. ह्यांनी तवापासनं गावचं त्वांड बघितलं न्हाई. आन् म्या, ह्यांची बायकू, म्याबी एक दिस ह्यास्नी इचारलं, खरं सांगा, डोळा लागला व्हता का. घरच्या मानसाला इचारलं म्या." तिने पदराने तोंड पुसलं. "आता कुना-कुनाच्या दारात जाऊन सांगू मी, शुक्रवार न् रविवार?"

"गप, इंदे," खंडेराव म्हणाले. रागाने नाही.  शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता. खंडेरावांनी बोटावरचा दोरा सोडला आणि कामाच्या माणसाला कामाचं विचारावं तसं विचारलं,

"मग त्या मशिनला आता काय केलं त्यांनी?"

"काही विशेष नाही मामा. पुण्याचं मशीन आता आपल्या मशीनला दर थोड्या वेळाने विचारतं, आहेस का? आपलं म्हणतं, आहे. मग दार लागत नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

खंडेराव हसले. त्यांचे पुढचे दात मोठे होते, हसले की सगळा चेहरा व्यापायचे, तसेच हसले.

"ताई, ह्या समद्या शुक्रवारात एकांदा जरी कुनी टाकीखाली येऊन हाक दिली असती, हाईस का रं खंडेराव, तर म्याबी म्हनलो असतो की, हाय."

आत चहाला उकळी आली होती. इंदुबाईने जाऊन गॅस बंद केला. कप काढल्याचा आवाज काही आला नाही. थोडा वेळ थांबून मेघाली उठली, आणि बसा म्हणून तिला कोणी म्हटलं नाही.